काठोकाठ पीप

पीप काठोकाठ भरलेलं होतं, आणि तिथंच शरणबसवला संशय आला.

बूच काढून त्यानं आत बॅटरी मारली. वाइन थेट तोंडाशी. आता बोला! वैशाखातलं सोलापूर, बाहेर डांबर पातळ झालेलं, आणि भवानी पेठेतल्या घराच्या तळघरात हे लाकडी पीप बोटभरही उतरलेलं नाही? लाकूड वाइन पितं. हळूहळू, पण पितंच. म्हणून तर तो दर महिन्याला राखून ठेवलेली तीच वाइन ओतून पीप भरून काढायचा. दिवाळीपासून मात्र एकदाही भरावं लागलं नव्हतं. थंडीत त्यानं मनाची कशीबशी समजूत घातली होती. उन्हाळ्यात कशी घालणार?

त्यानं काचेच्या नळीनं घोटभर काढली, तोंडात फिरवली आणि बादलीत थुंकली. थुंकायचीच, तसा घरात शब्द होता. पण आज थुंकल्यावरही जिभेवर गोडवा राहिला. बार्शीकडच्या डोंगरावर त्यांची घरची बाग. तिथल्या खडकाळ उतारावरच्या द्राक्षांची ही वाइन, तीन वर्षं मुरलेली, अजून दहा वर्षं मुरत जाईल अशी. हिला चांगला तुरटपणा होता, गोडवा कधीच नव्हता. कुणीतरी ही चांगली पिऊन वरून स्वस्तातली ओतत होतं. आणि गुरुवारी पुण्याचा माणूस चव बघायला येणार होता. पसंत पडली तर अख्खं पीप नेणार होता.

तळघराच्या किल्ल्या दोनच. एक शरणबसवकडे, दुसरी त्याच्या वडिलांकडे.

छे! आप्पा? गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, वाइनचं नाव निघालं तरी जेवणावरून उठणारा माणूस. म्हणून तर शरणबसव या कामाचं घरात अवाक्षर काढायचा नाही. लग्नाच्या वेळी त्याच्या बायकोनं, महेश्वरीनं एकच अट घातली होती. मैंदर्गीला तिच्या वडिलांनी दारूपायी घर घालवलं, शेत घालवलं, शेवटी जीवही घालवला. "पिणाऱ्याच्या घरात मी राहणार न्हाय," ती म्हणाली होती. तेव्हा आप्पांनीच सिद्धेश्वराची शपथ घेऊन सांगितलं होतं, "पोरगं वाइन करंल, विकंल. पण माझ्या घरात कुणाच्या घशाखाली थेंब जायचा न्हाय."

पण संशय एकदा डोक्यात शिरला की हलत नाही मेला. आप्पा दर सोमवारी सिद्धेश्वराच्या दर्शनाला जायचे, ते हल्ली उशिरा परतायचे. पौषात त्यांच्या धोतराला जांभळा डाग दिसला होता. विचारलं तर म्हणाले, जांभळं खाल्ली. पौषात जांभळं!

सोमवारी सकाळी महेश्वरी बॅग भरताना दिसली.

"सिद्धूदादानं सोताच्या डोळ्यांनी बघितलंय," ती म्हणाली. सिद्धू तिचा चुलतभाऊ, पेठेत त्याचं चादरींचं दुकान. "आप्पा सात रस्त्याच्या वाइन शॉपात उभे हायत, तोंडाला टॉवेल गुंडाळून. दर सोमवारी. सगळ्या पेठेला ठावं हाय, आपल्यालाच न्हाय." तिनं बॅगेची चेन ओढली. "ज्यांनी शब्द दिला, तेच! मी चालले मैंदर्गीला."

कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. शरणबसवची कानशिलं तापली. "संध्याकाळपर्यंत थांब," तो म्हणाला. "आज मीच बघतो."

दुपारी आप्पा आले ते वर न येता परस्पर तळघरात गेले. शरणबसव मागोमाग उतरला. आप्पा पिपावर वाकले होते. हातात बाटली.

"किती दिस पिताय, आप्पा?"

आप्पा दचकले. "हळू बोल! म्हेश्वरी वर हाय." मग प्रश्न त्यांच्या ध्यानात आला. "मी? मी पितोय?"

बाटली नवी होती, बूच नुकतंच काढलेलं. ती उलटी धरून ते पिपात रिकामी करत होते. जवळ ना पेला, ना नळी.

"दिवाळीत पूजेला खाली उतरलो, उघडून बघितलं तर दोन बोटं कमी," आप्पा म्हणाले. "पुढच्या सोमवारी आणि कमी. किल्ली तुझ्याकडं नि माझ्याकडं. मी तर पीत न्हाय." त्यांनी रिकामी बाटली खाली ठेवली. "म्हटलं, पोरगं प्यायला लागलं. तिला कळलं तर ती घर सोडंल. मग भरत आलो."

"मला का न्हाय विचारलं?"

"विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास. ते ऐकायचं धाडस न्हवतं रे मला."

शरणबसव पायरीवर मटकन बसला. वाइन तर गेलीच होती. पुण्याच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवावं लागणार होतं. सकाळपासून आप्पांना मनातल्या मनात घातलेल्या शिव्या त्याला आता एकेक आठवायला लागल्या, आणि स्वतःचीच लाज वाटली.

"लाकूड पितं, आप्पा," तो म्हणाला. "समद्याच पिपांचं पितं. मी दर महिन्याला भरायचो. तुमाला कधी सांगितलंच न्हाय."

आप्पांनी पिपाच्या पाठीवर हात ठेवला.

"मंजी तू..."

"थेंब न्हाय, आप्पा."

आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. वर दाराशी बॅग खाली ठेवल्याचा आवाज झाला. महेश्वरी तिथंच उभी होती, सगळं ऐकत.

"अख्खी पेठ तुमाला दारुडा म्हणतीया की वो," शरणबसव म्हणाला.

आप्पांनी वाकून पिपाचं बूच घट्ट बसवलं.

"ठावं हाय की. मला म्हणू दे. तुला तर न्हाय ना म्हणत कोण."