मनापासून वाजवलेलं

बैरूतच्या त्या हॉटेलात रूला रोज संध्याकाळी पियानो वाजवायची. आज तिथे साखरपुडा होता आणि नवरदेव निघाला तिचाच आधीचा नवरा, मरवान.

"काय गं, अजून बोटंच बडवतेस? आज वाजव की काहीतरी मनापासून!" तो खिदळला.

रूलाला शिसारी आली. नेहमीची गाणी सोडून तिने ती सगळी किळस सुचेल तशी सुरांत ओतली. पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"अजून झुरतेय बिचारी माझ्यासाठी," मरवानने मित्रांना डोळा मारला.

नवरी मात्र उठून पियानोपाशी आली. फूल द्यायच्या निमित्ताने वाकली आणि रूलाच्या कानाशी पुटपुटली,


"ताई, तुमच्यावरही हात उचलायचा का हो तो?"