मशीनचा पट्टा

नवऱ्याला माती दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी शिंपीणबाई मशीनवर बसल्या, त्या उठायचंच नाव घेईनात. रविवारीही चर्चमधून आल्या की यांचा पाय पायडलवर. "आई, देवानंसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला," सून म्हणाली. "त्याच्या डोक्यावर गिऱ्हाइकं बसली नव्हती," बाई म्हणाल्या. सुनेनं मशीनचा पट्टा काढून पर्समध्ये टाकला आणि "उद्या देते" म्हणून ती माहेरी गेली. बाई चिडल्या नाहीत. हल्ली त्यांना रागही येत नव्हता आणि रडूही. सवयीनं त्या पायडल मारत राहिल्या, पण पट्ट्यावाचून मशीन मुकंच राहिलं. आतल्या खोलीतला नवऱ्याचा खोकला नेहमी मशीनच्या खडखडाटात बुडून जायचा. मशीन थांबलं की ऐकू यायचा. त्यांनी पाय थांबवला आणि कान दिला. खोकला काही आला नाही. मग बाई आत जाऊन नवऱ्याच्या खाटेवर आडव्या झाल्या.