तिच्याच शब्दांत

“‘जेवून घ्या, मी आलेच,’ एवढं बोलून ती दारातून आत वळली. आणि वरून डोंगर आला.”

इथं शिंपीकाका थांबायचे. कुठं थांबायचं ते आता त्यांना पाठ झालं होतं. समोर चटईवर दर आठवड्याला नवी मंडळी बसलेली असायची. दरडीत पडलेली घरं बांधायला शहरातून बस करून आलेली, सकाळभर विटा वाहून तळहाताला फोड आलेले, केसांत सिमेंट. पहिला हुंदका बहुतेक मागच्या रांगेतून यायचा. आजही तिथूनच आला.

खरं सांगायचं तर काकू असलं काही बोलल्याच नव्हत्या. त्या दिवशी दुकानात निघालेल्या नवऱ्याला त्यांनी दारात उभं राहून चांगलं फैलावर घेतलं होतं, चार घरांना ऐकू जाईल असं. दुकान रस्त्यापलीकडे, म्हणून काका वाचले. पाहुण्यांच्या पहिल्या तुकडीला त्यांनी ते होतं तसं सांगितलंही होतं. ऐकता ऐकता एकजण फिस्सकन हसला आणि मग बिचाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या ताई काकांजवळ आल्या.

“काका, शेवटचं तेवढं जरा सौम्य करता येईल का? कसं वागावं ते कळत नाही हो लोकांना.”

काका पडले भिडस्त. गावातली अर्धी घरं याच लोकांनी उभी केलेली, त्यात काकांचंही आलं. मग त्यांना कशाला अवघडवायचं? पुढच्या खेपेला काकांनी बायकोच्या तोंडी एक गोड वाक्य घातलं. सगळे रडले. काकाही रडले. तेव्हापासून ते वाक्य जे चिकटलं ते चिकटलंच.

आणि हेही खरं, की आठवड्यातून तेवढा एकच तास काकांकडे कुणीतरी टक लावून बघायचं. एरवी कोण कुणाला विचारतो! शिवलेला सदरा न्यायला माणूस यायचा, तोसुद्धा बाहेरूनच “झाला का?” म्हणायचा.

“काका,” पुढं बसलेल्या एका मुलीनं नाक पुसत विचारलं, “काकू कधी चिडायच्या नाहीत का हो?”

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. काकांचा चेहरा एकदम खुलला.

“चिडायची नाही? अगं, राग नुसता नाकाच्या शेंड्यावर! मेलेला माणूस उठून बसेल असं बोलायची. निघताना रोज माझा उद्धार व्हायचा. रोज! थांब, तिच्याच शब्दांत सांगतो.”

कोपऱ्यातल्या ताईंनी मान वर केली. काका उठून उभे राहिले, कमरेवर हात ठेवला, हनुवटी वर केली. अगदी तशीच उभी राहायची ती. मग त्यांनी तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

जिभेवर आहे, आत्ता येईल, असं वाटत राहिलं. पण एक शब्द आठवेना. तिचा तो चिरका, वर चढत जाणारा सूरही सापडेना. डोक्यात ‘जेवून घ्या’ एवढंच वाजत होतं, आणि तेही काकांच्याच मऊ आवाजात.

“जाऊ दे,” ते कसंबसं हसत खाली बसले. “चारचौघांत सांगण्यासारखं नाही ते.”

सगळे हसले. मग सगळ्यांनी त्यांच्यासोबत फोटो काढले. बस वळणावरून दिसेनाशी झाल्यावर काका थेट शेजारी मेहुणीकडे गेले. प्रत्येक तुकडीला चहा तीच करून द्यायची आणि कप गोळा करेपर्यंत मागं बसून ऐकायची. आत्ता ती धुतलेले कप पुसत होती.

“अगं, तुझी बहीण मला काय बोलायची गं?”

“कधी?”

“दुकानात निघताना. रोज दारातून ओरडायची बघ. नुसता पहिला शब्द सांग, पुढचं येईल मला.”

मेहुणीचे हात थांबले. तिचे डोळे भरून आले.

“जेवून घ्या म्हणायची ना, भाऊजी.”

“ते नाही गं! ते मी... अगं, ती ओरडायची. तुलाही कमी बोलायची का? आठवून बघ जरा.”

“काहीतरीच काय! गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये.” तिनं डोळ्यांना पदर लावला. “माझी ताई कुणाला कधी उणं बोलली नाही.”

काका तिच्याकडे बघत राहिले. सख्खी बहीण. हिला नाही, तर मग आता कुणाला विचारायचं? जगात ती गोष्ट ठाऊक असलेलं कुणी उरलंच नव्हतं. असं एकटं त्यांना दरड कोसळली त्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं.

ते घरी आले. बाहेर सगळा राडा होता, चपला चिखलानं जड झाल्या होत्या. दारात तिनं लावलेल्या सवयीनं त्यांनी एक पाय चपलेतून काढला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत आत घातला. तसेच पुसलेल्या फरशीवरून चालत ओट्यापर्यंत गेले. तिथून वळून पलंगापर्यंत आले. चपलांसकट पाय वर घेतले आणि धुतलेल्या चादरीवर नीट पसरले.

आणि दाराकडे बघत बसले.

चादरीवरचा चिखल वाळून त्याचे पोपडे सुटायला लागले, तरी घरात चिडीचूप.

“बोल की गं,” काका म्हणाले.