चौथ्या मजल्यावरची खडाजंगी

चौथ्या मजल्यावरच्या सभागृहात दोन तास खडाजंगी चालली होती. प्राध्यापक म्हणत होते, भांडवलशाहीनं गरिबाला पिळलं आणि नद्यांची गटारं केली. उद्योजक म्हणत होते, भांडवलशाही नसती तर गरिबाच्या घरात दिवासुद्धा लागला नसता. दोघंही तसूभर मागे हटेनात. टाळ्या मात्र दोघांनाही मिळाल्या; टाळ्यांना कुठे पैसे पडतात!

कार्यक्रम संपल्यावर दोघं एकाच लिफ्टमध्ये शिरले. दोघांनाही चहा देणाऱ्या मावशी जड पिंप उचलून, दुखरे गुडघे सांभाळत मागोमाग आल्या.

“मावशी, तुम्ही जिन्यानं या. तेवढीच वीज वाचेल,” प्राध्यापक म्हणाले.



दोन तासांत पहिल्यांदाच उद्योजकांना त्यांचं म्हणणं पटलं. त्यांनी दार बंद करायचं बटण दाबलं.