ओवाळलेला कोंबडा

कोंबडा चुडामणवरून तिसऱ्यांदा ओवाळला गेला, तरी पोरानं डोळे उघडले नाहीत. तीन वर्षांचं लेकरू चार दिवस तापानं फणफणत होतं.

"आता हाऊ आठे कापानं नही," झुंबरबाई सुनेला म्हणाली. "पीस बी आपला उंबरठाना आत येवाले नको. जो खाई, त्याना अंगे ताप जाई."

पुष्पा मॅट्रिक झालेली. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पारोळ्याच्या डॉक्टरनं कालच औषध दिलं होतं. घाम सुटला की ताप उतरेल, मग कोंबडीचं पातळ पाणी पाजा, असंही सांगितलं होतं. पण तुऱ्याला लागलेलं कुंकू तिनं पदरानं पुसून काढलं. तसं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेतावर राबणारी जिवली मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. भिलाची बाई, तिचं खोपटं परसाच्या कुंपणापलीकडेच.

"आज कोनता सन शे, अक्का? येवढा कोंबडा, नि फुकट?"

"मी देस, तू ले. पोरले बी खावाड," झुंबरबाई म्हणाली.

जिवली हसली. कोंबडा काखेत मारून गेली.

पोराला मांडीवर घेऊन पुष्पा मागच्या खिडकीत बसली. जिवलीनं दोन्ही पंख पायाखाली दाबले, मान ताणली, विळा फिरवला. पिसं उपटून पाचटाच्या जाळावर अंग भाजलं. तिची चिमुरडी दिवाली शेजारी उकिडवी बसून बघत होती. जेमतेम चुडामणएवढी.

तिला देऊ नकोस गं. शब्द अगदी ओठांवर आले. मांडीवरचं कपाळ चटका देत होतं. पुष्पानं शब्द गिळले आणि खिडकी लोटून घेतली.

दुपारी चुडामणला दरदरून घाम फुटला. अंग निवलं. त्यानं खायला मागितलं.

"औषधानंच," पुष्पा स्वतःशी म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली.

कोंबडीच्या पाण्यासाठी घरात आता पाखरू उरलं नव्हतं, आणि कापायला गडीमाणूसही नव्हता. सगळे कापसाच्या गाड्या घेऊन पारोळ्याला गेलेले. झुंबरबाईनं कुंपणावरून हाक दिली, "जिवली, तुन्ही एखादी कोंबडी कापी आन व माय. पायलीभर जवारी लई जाय."

तासाभरानं पळसाच्या पानात साफ केलेले तुकडे आले. हळद-मीठ घालून पुष्पानं ते शिजवले. चुडामण दोन वाट्या पाणी प्यायला, वर एक हाडूक हातात धरून बसला. सासूनं डोळे टिपले.

दिवस कलताना जिवली जवारीला आली. कडेवर दिवाली. पुष्पानं माप ओटीत घातलं आणि सहज लावल्यासारखा पोरीच्या कपाळाला हात लावला. गार होतं. उद्या असेल? परवा?

तिला राहवेना. "सकाळचं हिला दिलंस का गं?"

"नही, बाई."

"तू खाल्लंस?"

"नही."

"मग एवढा कोंबडा गेला कुठे?"

जिवलीनं ओटीतली जवारी सावरली. आत चुडामण अजून हाड चोखत होता. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "मन्ही बी एकच पोर शे, बाई."