गच्चीवरची चाळीस सेकंदं

तिने आवाजाची रेषा माउसने धरली आणि थेट तळाशी ओढली. पडद्यावर आई बोलत राहिली, पण खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

“इथे आवाज का गेला?” मागच्या खुर्चीतून बाबांनी विचारलं.

“वारा फार आहे हो बाबा. नुसती घरघर येतेय.”

बाबा ‘हं’ म्हणाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडाच झाला होता. डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघायचंसुद्धा नाही म्हणून दम भरला होता. नाहीतर ते तिला माउसला हात लावू देते थोडेच! तीस वर्षं लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ करण्यात गेलेला माणूस तो. आता भिंतीकडे तोंड करून नुसत्या कानांनी एडिटिंग चाललं होतं. कप आदळला, तो आवाज खाली घे. मावशी खोकतेय, तेवढं काप. आईचा आवाज जरा वर ने, अजून जरा. सकाळपासून तिला नुसतं भंडावून सोडलं होतं.

येत्या रविवारी आईला जाऊन वर्ष होणार होतं. सगळी माणसं घरी जमतील, तेव्हा अर्ध्या तासाची फिल्म दाखवायची असं बाबांनी ठरवलं होतं. अट एकच, आईचं बोलणं शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे. चेहरा काय, फोटोतही दिसतो, म्हणाले.

गच्चीचा शॉट येईपर्यंत सगळं सुरळीत होतं. दीड वर्षापूर्वीची ती संध्याकाळ. बाबांनी नवा बिनतारी माईक आणला होता. तो लांबून कसा चालतो ते बघायला त्यांनी तो आईच्या गळ्याशी लावला आणि स्वतः कॅमेरा घेऊन गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. आई कुंड्यांना पाणी घालता घालता तिच्याशी दबक्या आवाजात बोलली. बाबा इतके लांब, त्यांना काय ऐकू जाणार? गळ्याशी लावलेल्या त्या बोटभर वस्तूचा दोघींनाही साफ विसर पडला होता. काल बाबा डोळे दाखवायला गेले असताना तिने तो तुकडा लावून पाहिला. एकेक शब्द स्वच्छ होता.

आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशन झेपणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सोबत तीच होती. बाबांना कळू द्यायचं नाही, असं आईने तिच्याकडून वदवून घेतलं आणि तिने ते पाळलं. पुढचे सहा महिने आई हसतखेळत राहिली. त्यातल्या त्यात बरं म्हणजे बाबांचे गुडघे त्याच सुमाराला धरले. त्यांनी लग्नांच्या ऑर्डरी घेणं बंद केलं आणि ते दिवसभर घरात आईच्या आगेमागे राहू लागले. कधी नव्हे ते चहा करायला शिकले, भाज्या चिरायला लागले, बादली म्हणून आईला उचलू देईनात. आई त्यांची थट्टा करायची, की म्हातारपणी बरं शहाणपण सुचलं. मग एका पहाटे ती झोपेतच गेली.

“काही कळलंच नाही बघा,” भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगायचे. आणि प्रत्येक वेळी ती पाणी आणायच्या निमित्ताने आत जाऊन रडायची. त्यांना निरोप घ्यायची संधीच आपण दिली नाही, हे तिला वर्षभर खात होतं. हे त्यांना कळलं तर ते आपलं तोंडही बघणार नाहीत, अशी तिची खात्री होती. आई गेली होतीच, आता बाबाही जातील.

“कॅमेऱ्याचा आवाज सोडून दे,” बाबा म्हणाले. “माईकचा घे.”

“माईक बंद पडला होता वाटतं. सेल संपले असतील.”

“नवे घातले होते.”

तिने विचारलं, तेवढ्यापुरतं संगीत टाकलं तर? चाळीस सेकंदांचा तर प्रश्न आहे. बाबांनी नको म्हटलं. रागावून नाही, अगदी हळू. त्या हळू बोलण्यानेच तिचा धीर सुटला. खोटं बोलून बोलून ती थकली होती. तिने रेषा धरली आणि वरपर्यंत नेली.

“डॉक्टर म्हणाले, कधीही होईल,” आईचा आवाज खोलीभर घुमला. “पण बाबांना कळता कामा नये हं. रोज माझ्याकडे बघून झुरत बसतील, मला ते बघवणार नाही.” मग पाणी पडल्याचा आवाज. मग तिचा स्वतःचा, “नाही सांगणार, आई.”

तिने फिल्म थांबवली. मागे वळायची हिंमत होईना.

“बाबा, मला ठाऊक होतं,” ती कशीबशी म्हणाली. “सहा महिने ठाऊक होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं मी. मला माफ करा.”

खुर्ची करकरली. बाबा उठून चाचपडत तिच्यापर्यंत आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“वेडे, मी माईक तपासत होतो ना,” ते म्हणाले. “हेडफोन माझ्या कानांवरच होते.”