दोन नोकऱ्यांचा कोड

"मामा, सहाला सात मिनिटं उरलीत. माझं नाव अजून तुमच्या हजेरीपटावर कसं?" रेवती फोनवर जवळजवळ ओरडलीच.

सरकार आता कर पैशांत घेत नसे. रोज संध्याकाळी सहापासून तासभर ते नोकरदारांचे मेंदू वापरायला घेई. तेवढा वेळ माणूस उघड्या डोळ्यांनी बसून राही, काही न ऐकता. नवी नोकरी धरल्यापासून तेरा दिवस रेवतीला दोन नोकऱ्यांचा कर-कोड लागला होता. तिचे रोज पाच तास जात होते. तिची चार वर्षांची मुलगी जुई शेजारच्या निवृत्त काकूंकडेच जेवून झोपायची.

तिच्या आधीच्या नोकरीच्या गिरणीतले घोरपडेमामा चाचरले. "तिकडं नाही जमलं तर परत यायला जागा असावी, म्हणून मीच रोज तुझी हजेरी लावत होतो गं."

"आधी नाव काढा, मामा! आत्ताच्या आत्ता!"

सहाला एक मिनिट कमी असताना नवा कोड आला. जादा गेलेल्या तासांपोटी आजपासून पूर्ण सूट होती.

सहा वाजले. रेवती आज पूर्ण शुद्धीत होती.

काकूंकडे जाण्याआधी जुई रोजच्यासारखी गोधडी घेऊन आली आणि तिने ती आईच्या मांडीवर पसरली. रेवती हसून काही बोलणार, तोच जुईने तिच्या कानाला तोंड लावलं.

"काल पण काकूंनी मला मोरीत कोंडलं. आईला सांगायचं नाही म्हणाल्या. पण तू आता दगड आहेस ना, तुला सांगितलं तर चालतं."